संगणक कोणाची वाट पाहतोय?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या मंचावर आजवर पाणी, शेती, लोकशाही, संतसाहित्य अशा भारदस्त विषयांवर बोललं गेलं आहे. मी विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोन करून अत्यंत सभ्यपणे विचारलं, "एवढ्यावर तासभर पुरेल ना?" विषय तसा लहानच आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर लॉगिनला जास्त वेळ का लागतो? पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते सर भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत स्टॉपवॉच हातात घेतल्याशिवाय कुणाला तोंड उघडायची परवानगी नसे. आजच्या विषयाला त्यांची ही शिस्त फार उपयोगी पडते.

तक्रार तुम्हा सगळ्यांच्या परिचयाची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे ठिकठिकाणच्या ऑफिसांत विंडोज ११ आलं. मग सुरू झालं, "कालपर्यंत मस्त चालत होतं हो, अपग्रेड केलं आणि बसलं." पासवर्ड टाकायचा, एंटर मारायचं, ठिपक्यांचं वर्तुळ फिरायला लागतं आणि आपण चहाला जाऊन यायचं. यावर सल्लेही ठरलेले आहेत. एक म्हणतो रॅम वाढवा. दुसरा म्हणतो एसएसडी टाका. तिसरा, ज्याच्याकडे बहुधा पेन ड्राइव्ह तयारच असतो, तो म्हणतो फॉरमॅट मारून घ्या. तिघांचंही एक गृहीत आहे, ते म्हणजे संगणक दमलाय, त्याला काम झेपत नाहीये.

माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा तो दमलेला नसतो. तो रिकामा बसलेला असतो. कुणाची तरी वाट पाहत असतो, आणि ती व्यक्ती, म्हणजे तो प्रोग्राम किंवा तो सर्व्हर, येणारच नसतो.

एंटर मारल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. आधी पासवर्ड तपासला जातो. घरी तो त्याच यंत्रात, मोठ्या ऑफिसात दुसऱ्या खोलीतल्या किंवा दुसऱ्या गावातल्या सर्व्हरला विचारून. मग तुमची प्रोफाइल उघडते. विंडोजमध्ये तुमच्या फोल्डरात 'एनटीयूझर डॉट डॅट' नावाची एक फाइल लपलेली असते, तिच्यात तुमच्या सगळ्या आवडीनिवडी साठवलेल्या असतात. मग ऑफिसचे नियम लागू होतात, कुणाला कोणता प्रिंटर, कुणाला कोणता ड्राइव्ह. शेवटी टास्कबार, आयकॉन, पार्श्वभूमीचं चित्र. यातली बरीच कामं वेगवेगळे प्रोग्राम करतात आणि एकमेकांच्या होकारावर पुढे सरकतात. होकार आला नाही तर किती वेळ थांबायचं याचा एक आकडा कुणीतरी प्रोग्रामरनं कधीतरी लिहून ठेवलेला असतो. त्याला टाइमआउट म्हणतात.

आता स्टॉपवॉच काढा. कामाला लागणारा वेळ बदलता असतो. डिस्क वेगवान असेल तर कमी, मागे अँटिव्हायरस चाळणी करत असेल तर जास्त. सकाळी एक, दुपारी दुसरा. वाट पाहण्याचा वेळ मात्र ठरलेला असतो. लॉगिन रोज बरोबर तीस सेकंदांनी होत असेल, नवी रॅम टाकल्यावरही तीस आणि शेजारच्या महागड्या यंत्रावरही तीस, तर समजा की तिथे काम चाललेलं नाही. निसर्गाला ५, २५, ३०, ९० असे नेटके आकडे आवडत नाहीत. ते माणसांना आवडतात.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण विंडोज ७ चं आहे. २२ ऑक्टोबर २००९ ला ते बाजारात आलं. त्याआधीच्या व्हिस्टाला कंटाळलेल्या लोकांनी त्याचं स्वागत केलं, आणि काही जणांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. पासवर्ड दिल्यावर स्वागताचा पडदा तीस सेकंद तसाच. मायक्रोसॉफ्टनं पुढे या दोषावर जे टिपण काढलं त्यात कारण दिलं होतं, ते वाचून लोकांना थट्टाच वाटली असेल. तुम्ही डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीला चित्राऐवजी नुसता एकच रंग निवडला असेल तर असं होतं.

म्हणजे चित्र असेल तर झटपट, आणि चित्र नसेल, काम कमी असेल, तर तीस सेकंद उशीर!

मायक्रोसॉफ्टमधले जुनेजाणते प्रोग्रामर रेमंड चेन यांनी पुढे याची उकल लिहून ठेवली आहे. एखाद्या पंगतीची कल्पना करा. पानं मांडली आहेत, माणसं बसली आहेत. शिरस्ता असा की भातवाल्यानं, वरणवाल्यानं, भाजीवाल्यानं, प्रत्येकानं आपलं वाढून झालं की यजमानाला "झालं" म्हणून सांगायचं. सगळ्यांचं "झालं" आलं की श्लोक आणि मग जेवण. तूपवाल्यालाही हेच सांगितलेलं आहे, तूप वाढून झालं की सांग. पण आज घरात तूपच नाही. तूपवाला ओट्याशी स्वस्थ उभा; वाढलंच नाही तर सांगणार काय? आणि यजमान त्याच्या "झालं"ची वाट पाहत ताटकळलेला. शेवटी त्याचाच धीर सुटतो आणि तो म्हणतो, चला, सुरू करा.

विंडोज ७ मध्ये नेमकं हेच झालं. टास्कबार, डेस्कटॉपची खिडकी, आयकॉन, वॉलपेपर या प्रत्येकानं "मी तयार" असा निरोप द्यायचा, सगळे निरोप आले की स्वागताचा पडदा हटवायचा. वॉलपेपरच्या भागात लिहिलेलं होतं की चित्र ठरवलेलं असेल तर ते उघड, लाव आणि निरोप दे. निरोपाची ओळ त्या 'तर'च्या पोटात होती. चित्र नसेल तर सगळंच वगळलं जाई, निरोपासकट. मग तीस सेकंदांचा टाइमआउट संपला की पडदा आपोआप हटे. डेस्कटॉपवरचे आयकॉन लपवण्याचा नियम ज्या ऑफिसांत लावलेला होता तिथेही हेच होत असे. त्याबद्दल चेन यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. असे नियम मूळ काम लिहून झाल्यावर मागाहून बसवले जातात. मूळ लिहिणाऱ्यानं निरोपाची ओळ अगदी बरोबर लिहिलेली असते. नंतर येणारा माणूस त्या सगळ्याभोवती "नियम नसेल तरच" असं कुंपण घालतो, आणि निरोपही कुंपणाच्या आत अडकतो.

प्रोग्रामिंग करणारे तरुण इथे बसले असतील, त्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं. दोष शोधताना आपण चुकीची ओळ शोधतो. इथे एकही ओळ चुकीची नव्हती, एक ओळ चुकीच्या जागी होती. आणि साधा रंग निवडणारे लोक कोण असायचे? बऱ्याचदा तेच, ज्यांना यंत्रावरचा भार कमी करायचा असे. जुन्या यंत्रांवर वॉलपेपर काढला की थोडी मेमरी खरोखर वाचत असे. त्या काळची सवय पाळणाऱ्यांनाच ही शिक्षा! दुरुस्ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आली. तोवर ज्यांनी कंटाळून एखाद्या फुलाचं चित्र लावलं असेल त्यांचं लॉगिन झटक्यात सुधारलं असणार, आणि का सुधारलं हे त्यांना कधी कळलंही नसेल.

लिनक्सवाले आता हसत असतील तर त्यांच्यासाठीही पुरवणी आहे. लिनक्सचे प्रोग्राम आपसांत बोलण्यासाठी डी-बस नावाची निरोप्याची यंत्रणा वापरतात. तिच्यावर उत्तराची वाट पाहण्याची रूढ मुदत २५ सेकंद. सर्व्हरवर अपग्रेड करताना कधी कधी हा निरोप्या नव्यानं सुरू होतो, पण लॉगिनची नोंद ठेवणारा लॉगिनडी मात्र जुनाच चालू राहतो. दोघांचं बोलणं तुटतं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला दारात २५ सेकंद उभं राहावं लागतं, मग आत सोडलं जातं. लॉगमध्ये ओळ स्वच्छ लिहिलेली असते की सत्र तयार करता आलं नाही, मुदत संपली. इलाजही साधा असतो, लॉगिनडी नव्यानं सुरू करायचा किंवा सरळ सर्व्हर रीबूट करायचा. पण लॉग उघडायचा सोडून माणसं नेटवर्कच्या तारा हलवत बसतात.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं शिरताना होणारा उशीर याच घराण्यातला. सर्व्हर आलेल्या पाहुण्याच्या आयपी पत्त्यावरून त्याचं नाव विचारायला डीएनएसकडे जात असे. डीएनएसचा पत्ता चुकीचा असला, आणि अपग्रेडमध्ये तो बदलला जाणं अगदी शक्य असे, तर पाच सेकंद थांबणं, पुन्हा विचारणं, पुन्हा पाच सेकंद. या चौकशीचा फायदा इतका थोडा होता की २०१५ मध्ये ओपनएसएसएचच्या ६.८ आवृत्तीत ती मुळातूनच बंद ठेवण्यात आली. माझ्या मते हे बरंच आधी व्हायला हवं होतं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती जरा वेगळी आहे, कारण तिथे थांबणं बरोबर होतं.

संगणकाला गुप्त किल्ल्या बनवायला यादृच्छिक आकडे लागतात, कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे. नियमानं चालणाऱ्या यंत्रात असा बेभरवसा आणायचा कुठून? लिनक्स तो बाहेरून गोळा करत असे. तुम्ही कळ नेमकी केव्हा दाबली, माउस केव्हा हलला, डिस्कनं उत्तर केव्हा दिलं, यांच्या वेळांमधल्या बारीक फरकांतून. २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-चमूतल्या यान हॉर्न यांनी दाखवून दिलं की यंत्र नुकतंच सुरू झालेलं असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुरेसा बेभरवसा जमण्याआधीच "झाला तयार" असं सांगून टाकतो. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांनी ते दुरुस्त केलं, आणि कर्नल प्रामाणिकपणे वाट पाहू लागला.

परिणाम काय झाला? जुलै २०१९ मध्ये डेबियन १० हे लिनक्सचं वितरण आलं, ते या नव्या शिस्तीचा कर्नल घेऊन. ज्या सर्व्हरला कीबोर्ड नाही, माउस नाही, जे आभासी यंत्र म्हणून दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालतात, त्यांच्याकडे बेभरवसा जमणार कुठून? अपग्रेड केल्यावर अशी यंत्रं सुरू होताना अडकल्यासारखी दिसू लागली. बाहेरून येणाऱ्याला लॉगिनच करता येईना, कारण त्याला आत घेणारा प्रोग्राम आकड्यांची वाट पाहत थांबलेला. हा इशारा डेबियननं आपल्या प्रकाशन-टिपणात दिला होता, पण अशी टिपणं वाचतो कोण? आणि कुणी वैतागून कीबोर्डवर दणादण कळा दाबल्या तर यंत्र खरोखरच सुरू होई! आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं ज्या प्रकाराला अंधश्रद्धा म्हणून हसलं जातं तो इथे शास्त्रशुद्ध उपाय होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात यावर कळस झाला. लिनक्स ५.३ तयार होत होतं. त्यात फाइल-सिस्टिममध्ये एक छान सुधारणा केली होती, डिस्कला कमी वेळा हाक मारायची. अहमद दरविश या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की त्या सुधारणेनंतर त्यांचं यंत्र लॉगिनपर्यंत पोहोचतच नाही. डिस्कच्या हाका कमी झाल्या, म्हणून बेभरवसा कमी जमला, म्हणून वाट पाहणं संपेना. वेग वाढवणाऱ्या बदलानं यंत्र थांबवलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रकाशनाच्या तोंडावर ती सुधारणा मागे घेतली. तिच्यात दोष काहीच नव्हता, पण वापरणाऱ्याचं चालतं काम बंद पडता कामा नये, हा त्यांचा बाणा. पुढे ५.४ मध्ये त्यांनी प्रोसेसरच्याच सूक्ष्म चंचलपणातून बेभरवसा काढायची सोय केली आणि ते ताटकळणं संपलं.

या सगळ्यात दोष कुणाचा म्हणायचा? हॉर्न बरोबर, त्सो बरोबर, फाइल-सिस्टिमवाले बरोबर, टोरवाल्ड्सही बरोबर. तरीही लॉगिन होत नव्हतं. तक्रार करणाऱ्याला एक गुन्हेगार हवा असतो, आणि तो इथे सापडत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगतो. तालुक्याच्या गावची एक पतसंस्था. विंडोज ७ वरून १० वर आणल्यापासून रोखपालबाईंच्या यंत्राला लॉगिनला वेळ लागायचा. खिडकीशी खातेदार पासबुकं घेऊन उभे, आणि त्या हताशपणे पडद्याकडे बघतायत. "अपग्रेडनं वाट लावली," यावर सगळ्यांचं एकमत. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ, सेकंदाचाही फरक नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळजवळ झोपलेला. मग 'धिस पीसी' उघडलं तर झेड ड्राइव्हवर लाल फुली. तो जायचा जुन्या सर्व्हरकडे, आणि अपग्रेडच्याच आठवड्यात तो सर्व्हर बदलून भंगारात दिला होता. यंत्र रोज सकाळी इमानानं त्याला हाक मारायचं. झेडची जोडणी काढून टाकली, लॉगिन सुधारलं. नव्या विंडोजचा त्यात काडीचा संबंध नव्हता. अपग्रेडच्या मुहूर्तावर माणसं आणखीही दहा गोष्टी बदलतात आणि सगळ्यांचं पाप एकट्या अपग्रेडच्या माथी जातं.

अर्थात खरं काम कधीच नसतं असं नाही. अपग्रेडनंतरचं पहिलं लॉगिन जड असतंच. जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बांधून ठेवली जाते, प्रत्येक वापरणाऱ्यासाठी अॅप नव्यानं नोंदवली जातात, शोधाची सूची पुन्हा बांधली जाऊ शकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे तासन्‌तास चालतं. तेव्हा पहिले एक-दोन दिवस यंत्राला रात्रभर चालू ठेवा, आणि त्यानंतरही वेळ तेवढाच राहिला तरच घड्याळ काढा.

काही ठिकाणी उशीर मुद्दाम पेरलेला असतो. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर लेख लिहिला. पासवर्ड तपासण्याचं गणित वेगवान असेल तर चोरालाही लाखो पासवर्ड वेगानं ताडून पाहता येतात. म्हणून ते मुद्दाम संथ करा, हा त्यांचा धडा. यंत्रं वेगवान होत गेली तसं हे गणितही जड केलं गेलं. पण तो उशीर सहसा सेकंदाच्या अंशाचा असतो. आणि एक गंमत, अपग्रेडनं तो लगेच वाढतही नाही. तुमचा मूळ पासवर्ड यंत्राजवळ नसतोच, त्याचा जुन्या पद्धतीनं काढलेला ठसा तेवढा असतो. नव्या पद्धतीचा ठसा तुम्ही पासवर्ड बदलाल तेव्हाच बनतो. चुकीचा पासवर्ड दिल्यावर लिनक्स दोनेक सेकंद रेंगाळतं, तेही ठरवूनच.

याच्या उलट बाजूनं थोडी लबाडीही चालते. २०१३ मध्ये विंडोज ८.१ आलं तेव्हा ऑफिसांतून तक्रारी आल्या की लॉगिन झटपट होतं, पण नेटवर्कचे ड्राइव्ह काही दिसत नाहीत. कारण लॉगिनच्या वेळी चालवायच्या स्क्रिप्ट त्या आवृत्तीनं मुळातच पाच मिनिटं पुढे ढकलल्या होत्या. डेस्कटॉप लवकर दिसला की माणसाला यंत्र वेगवान वाटतं. फाइल उघडायला गेल्यावर काय ते कळतं. ती पाच मिनिटं सेटिंगमधून शून्य करता येतात, आणि तशी सोय देणं हेच मला निर्मात्यांचं मौन कबुलीपत्र वाटतं. लॉगिन संपलं केव्हा, चित्र दिसलं तेव्हा की काम सुरू करता आलं तेव्हा? मी दुसरं धरतो. कंपन्या आपल्या जाहिरातीत पहिलं धरतात.

माझी खरी तक्रार उशिराबद्दल नाहीच. यंत्राला ठाऊक असतं की आपण कोणासाठी थांबलोय. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अॅप्लिकेशनच्या नोंदींत विनलॉगॉन शोधा. ६००५ क्रमांकाची नोंद म्हणते की अमका भागीदार फार वेळ घेतोय, ६००६ म्हणते की त्यानं इतके सेकंद घेतले. नावासकट, सेकंदांसकट. आणि त्याच वेळी पडद्यावर आपल्याला काय दिसतं? फिरणारे ठिपके. रांगेत उभ्या माणसाला रांग कशासाठी आहे हे न सांगण्याचा हा प्रकार आहे आणि तो मला उर्मट वाटतो.

ते सांगायला लावण्याचं एक सेटिंग विंडोजमध्ये फार जुन्या काळापासून आहे, सविस्तर स्थितीसंदेश दाखवण्याचं. मुळात ते बंद असतं. ऑफिसच्या आवृत्तीत ग्रुप पॉलिसीच्या सिस्टिम या भागात सापडतं; घरगुती आवृत्तीत रजिस्ट्रीत 'व्हर्बोजस्टेटस' नावानं एक किंमत १ करावी लागते, जाणत्या माणसाकडून करून घ्या. मग पुढच्या लॉगिनला ठिपक्यांखाली ओळी येऊ लागतात. यूझर प्रोफाइल सर्व्हिससाठी थांबलोय, ग्रुप पॉलिसी लागू करतोय, प्रिंटरची पॉलिसी लागू करतोय. जी ओळ हलत नाही ती मोबाइलवर फोटो काढून तुमच्या दुरुस्तीवाल्याला पाठवा. आणि फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह घेऊन तो आलाच, तर आधी त्याला त्या ओळीचा अर्थ विचारा.